सिग्नस एक्स-१ चे क्ष-किरण ध्रुवीकरण : मापन आणि अन्वयार्थ

कृष्णविवराभोवतीची तबकडी इतकी लहान व दूर असते की कोणत्याही क्ष-किरण दुर्बिणीत तिची आकृती उमटत नाही. तिच्या रचनेचा वेध किरणांच्या ध्रुवीकरणावरून, म्हणजे अप्रत्यक्षपणेच घ्यावा लागतो. या दृष्टीने हेन्रिक क्राव्हचिन्स्की व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला सिग्नस एक्स-१ विषयीचा शोधनिबंध महत्त्वाचा ठरतो.

नासा व इटालियन अवकाश संस्था यांनी डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या ‘आयएक्सपीई’ उपग्रहाने मे २०२२ मध्ये हे निरीक्षण केले. २ ते ८ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जापट्ट्यात ध्रुवीकरणाचे प्रमाण सुमारे ४ टक्के आढळले व त्याची दिशा रेडिओ झोताला समांतर निघाली.

या दोन निष्पत्तींचे मोल मात्र सारखे नाही. चपट्या मेघात वारंवार विखुरलेल्या किरणांचे ध्रुवीकरण मेघाच्या प्रतलाला लंब असते. त्यामुळे तप्त इलेक्ट्रॉनांचा मेघ झोताच्या अक्षावर एकवटलेला नसून तबकडीला समांतर पसरलेला आहे, या निष्कर्षाला दिशेचा भक्कम आधार मिळतो.

प्रमाणाविषयी असे म्हणता येत नाही. या जोडताऱ्याच्या कक्षेचा अक्ष आपल्या दृष्टिरेषेशी सुमारे २७ अंशांचा कोन करतो. त्या कोनाला सुमारे १ टक्का ध्रुवीकरण अपेक्षित होते. ही तफावत दूर करण्यासाठी निबंधकारांनी तबकडीचा आतील भाग कक्षेपेक्षा अधिक, म्हणजे ४५ अंशांहून जास्त कललेला असावा असे सुचविले. परंतु मेघ प्रकाशवेगाच्या सुमारे ०.४ पट गतीने बाहेर वाहत असल्यास अशा कलाविनाही ४ टक्के ध्रुवीकरण संभवते, असे युरी पौटानेन व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखविले. एकाच अंकाचे दोन अर्थ लागत असतील, तर तो अंक त्यांच्यात निवाडा करू शकत नाही.

म्हणून तबकडीचा कल हा अध्यापनात वा पाठ्यलेखनात सिद्ध तथ्य म्हणून मांडणे उचित ठरणार नाही. निर्णयासाठी अधिक ऊर्जेच्या पट्ट्यांतील मापनांची जोड हवी. १ जानेवारी २०२४ रोजी इस्रोने सोडलेल्या ‘एक्सपोसॅट’वरील, रामन संशोधन संस्थेने घडविलेले ‘पोलिक्स’ हे उपकरण ८ ते ३० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट या पट्ट्यासाठीच योजलेले आहे. मापन अचूक असले तरी अन्वयार्थ प्रतिरूपावर अवलंबून राहतो, हे भान प्रस्तुत निबंधाच्या वाचनात राखणे अगत्याचे आहे.