‘जगज्जेता’ मोजायचा कसा? बॉक्सिंगचे बेल्ट आणि आपला डेटा

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करत असाल, नाहीतर सिनॉप्सिस लिहायला बसला असाल. त्यात ‘कार्यात्मक व्याख्या’ नावाचा एक मुद्दा असतो आणि आपण सगळे तो शेवटच्या रात्री उरकतो. मीही तेच केलं. माझा विषय व्यावसायिक बॉक्सरांची कमाई. ‘किताबी लढत म्हणजे जिच्यात विजेतेपद पणाला लागलेलं असतं ती लढत’ असं एका ओळीत लिहून मी मोकळा झालो. दीड वर्षानंतर प्रगती अहवालाच्या बैठकीत एका मॅडमनी एवढंच विचारलं, “कुठलं विजेतेपद?” माझं अख्खं प्रकरण तिथेच बसलं.

माझ्या तक्त्यात दिसत होतं की जुन्या बॉक्सरांपेक्षा हल्लीच्या बॉक्सरांच्या वाट्याला किताबी लढती प्रमाणानं जास्त येतात. त्यावरून मी निष्कर्षही काढून टाकला होता, की आजचा बॉक्सर जास्त जोखीम घेतो. साफ चूक. जोखीम वाढलेली नव्हती, शब्द स्वस्त झाला होता.

जुना काळ बघा. शुगर रे रॉबिन्सन डिसेंबर 1946 मध्ये वेल्टरवेट गटाचा जगज्जेता झाला. फेब्रुवारी 1951 मध्ये तो वरच्या मिडलवेट गटात विजेता झाला, तोवर त्यानं वेल्टरवेटचं विजेतेपद फक्त 5 वेळा पणाला लावलं. पण या मधल्या काळात तो घरी बसला नव्हता. डझनावारी लढती खेळला, आणि त्या ‘नॉन-टायटल’ होत्या. पद्धत अशी की करारातच वजनाची मर्यादा गटाच्या मर्यादेपेक्षा वर ठेवायची, म्हणजे हरलं तरी विजेतेपद शाबूत. क्यूबाच्या किड गाविलानशी तो सप्टेंबर 1948 मध्ये असाच 10 फेऱ्या लढला. जुलै 1949 मध्ये त्याच दोघांची किताबी लढत झाली, ती 15 फेऱ्यांची. म्हणजे ‘किताबी’ या शब्दात 5 फेऱ्यांचे जादा ठोसे होते. माझ्यासारख्या कमाई आणि कष्ट मोजणाऱ्याला याहून मोठा फरक कुठला?

आणि नॉन-टायटल लढत म्हणजे लुटूपुटूची नव्हे. जेक लामोटा जून 1949 मध्ये मिडलवेटचा जगज्जेता झाला आणि त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सच्या रोबेर विलमँकडून हरला. बेल्ट लामोटाकडेच राहिला, कारण तो पणाला लागलेलाच नव्हता. पण विजेता हरू शकतो हे सगळ्यांनी बघितलं. नॉन-टायटल लढतीतून माहिती मिळायची ती अशी.

आता लगेच ‘जुनं ते सोनं’ म्हणू नका. याच विलमँला रॉबिन्सननं जून 1950 मध्ये फिलाडेल्फियात हरवलं, आणि पेनसिल्व्हेनिया राज्यानं त्या लढतीला मिडलवेटच्या ‘जागतिक’ विजेतेपदाची मान्यता दिली. लामोटा जगज्जेता असताना! म्हणजे रोग जुनाच आहे. नवीन काय, तर त्याचं दुकान झालं.

ते दुकान थोडक्यात सांगतो. 1962 मध्ये जुन्या अमेरिकन संघटनेचं नाव बदलून डब्ल्यूबीए झालं, 1963 मध्ये मेक्सिकोत डब्ल्यूबीसी, 1983 मध्ये आयबीएफ, 1988 मध्ये डब्ल्यूबीओ. पूर्वी वजनाचे 8 मुख्य गट असायचे, आता पुरुषांचे 17 धरले तरी चार संघटनांचे मिळून 68 जगज्जेते होतात. त्याच्यावर डब्ल्यूबीएनं ‘सुपर’, ‘रेग्युलर’, ‘अंतरिम’, ‘गोल्ड’ असे मजले चढवले. डब्ल्यूबीसीचे ‘सिल्व्हर’, ‘डायमंड’, ‘फ्रँचायझी’ वेगळेच. का? कारण बेल्ट पणाला लागला की संघटनेला मान्यता-फी मिळते. मोठ्या विजेतेपदांना ती साधारण मानधनाच्या 3 टक्क्यांच्या आसपास असते आणि ती बॉक्सरच्या खिशातून जाते. नॉन-टायटल लढतीत संघटनेला काहीच मिळत नाही. मग ती उरेल कशाला?

(हसू नका. पैसे भरून ‘इंटरनॅशनल जर्नल’मध्ये पेपर छापणारे आपल्यातही आहेत. मी एकदा भरलेत.)

वर्गवारी बिघडते कशी, ते ‘अंतरिम’ या शब्दात नीट दिसतं. मूळ अर्थ सरळ आहे: विजेता जखमी आहे, लढू शकत नाही, तोवर तात्पुरता दुसरा. ऑगस्ट 2021 मध्ये मिनीॲपोलिसला गॅब्रिएल मेस्त्रे आणि मायकल फॉक्स डब्ल्यूबीएच्या वेल्टरवेट ‘अंतरिम’ बेल्टसाठी लढले. पण त्याच गटाचा डब्ल्यूबीए विजेता योर्देनिस उगास धडधाकट होता, दोनच आठवड्यांनी लास वेगासमध्ये मॅनी पॅक्याओशी लढणार होता, आणि लढून जिंकलाही. मग तात्पुरतं कुणाच्या जागी? मेस्त्रेला विजयी ठरवणाऱ्या निकालावर इतका गदारोळ झाला की त्याच महिन्यात डब्ल्यूबीएला आपले अंतरिम बेल्ट रद्द करावे लागले.

त्याआधीचं एक प्रकरण मी ज्युनियर मुलामुलींना नेहमी सांगतो. मार्च 1998 मध्ये जर्मनीचा ग्राचियानो रोकिजानी बर्लिनमध्ये मायकेल ननला हरवून डब्ल्यूबीसीचा लाइट हेवीवेट विजेता झाला. जागा रिकामी होती, कारण रॉय जोन्सनं ती सोडली होती. पुढे डब्ल्यूबीसीनं जोन्सला परत विजेता केलं आणि रोकिजानीला सांगितलं की तू फक्त ‘अंतरिम’ होतास. आमच्या यादीत तुझं नाव विजेता म्हणून आलं ती छपाईची चूक. तो न्यूयॉर्कच्या कोर्टात गेला. 2002 मध्ये ज्यूरीनं त्याला 3 कोटी डॉलरच्या आसपास भरपाई दिली. डब्ल्यूबीसीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि शेवटी 2004 मध्ये तडजोड झाली. आता तुमच्या एक्सेल शीटमध्ये या माणसाच्या 1998 पुढे काय लिहाल? संघटनेची तेव्हाची यादी एक सांगते, नंतरची दुसरं, आणि कोर्ट तिसरंच.

क्रमवारीवर विसंबावं, तर तिथेही आनंदच आहे. डॅरिन मॉरिस हा बॉक्सर ऑक्टोबर 2000 मध्ये वारला. डब्ल्यूबीओच्या सुपर मिडलवेट क्रमवारीत तो त्यानंतरही 2001 मध्ये वर सरकत होता. सातव्यावरून पाचव्यावर गेला, तेव्हा कुठे कुणाच्या लक्षात आलं. अमेरिकेत 2000 साली आलेल्या मुहम्मद अली कायद्यानं संघटनांना क्रमवारीचे निकष जाहीर करायला लावले आहेत. निकष वाचायला मिळतात, तेवढं तरी बरं. पण निकष जाहीर आहेत म्हणून ते पाळलेही जातात, असं तुम्ही गृहीत धरायचं नाही.

इतकं बोलल्यावर दुसरी बाजूही मांडतो, कारण माझ्या गाईडनी त्यावरूनही मला झापलंय. 5 ऑगस्ट 2017 ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंग चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी लढला. पणाला दोघांचे बेल्ट: डब्ल्यूबीओ एशिया पॅसिफिक आणि डब्ल्यूबीओ ओरिएंटल. विजेंदर जिंकला. हे दुय्यम बेल्ट, कबूल. पण जगज्जेत्याशी गाठ पडायची तर आधी क्रमवारीत यावं लागतं, आणि भारतातल्या बॉक्सरला तिथवर जायची शिडी हीच. बेल्ट नसता तर टीव्ही आला असता का, मुंबईत तिकिटं खपली असती का? मला नाही वाटत. त्यामुळे बेल्ट लहान आहे ही माझी तक्रारच नाही. लहान बेल्टला लहान म्हणा, एवढंच. ‘ओरिएंटल’ निदान सांगतो तरी की मी सगळ्या जगाचा नाही. ‘रेग्युलर जगज्जेता’ काय सांगतो? वरती कुणीतरी ‘सुपर’ बसलाय, हे तो लपवतो, आणि फी मात्र जगज्जेतेपदाची घेतो.

शेवटी मी काय केलं? ‘किताबी: हो/नाही’ हा रकाना काढून टाकला. आता चार रकाने आहेत: मान्यता कुणी दिली, त्या दिवशी त्याच संघटनेचा त्याच गटात आणखी कुणी विजेता होता का, लढत किती फेऱ्यांची ठरली होती, आणि फी कापल्यावर बॉक्सरच्या हातात किती आलं. चौथा रकाना अर्ध्याहून जास्त रिकामा आहे. तो कसा भरायचा यावर पुढच्या आठवड्यात गाईडशी बसायचंय.