ठाण्याच्या मोतद्दाराचे गाणे

तुरुंगातून पलायनाची कादंबरी एक आवाज आणि एखादे तंतुवाद्य एवढ्यावर, सलग गीतमालिकेत मांडता येईल काय? हेन्री शारियर यांचे 'पॅपिलॉन' (1969) रवींद्र गुर्जर यांच्या अनुवादामुळे मराठी वाचकांच्या घरचे झाले आहे, म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही. त्याचे उत्तर फ्रेंच गियानापेक्षा ठाण्याच्या किल्ल्यात शोधावे, असे आम्हांस वाटते. आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे.

गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या पंढरपुरातील खुनानंतर (1815) इंग्रजांनी त्रिंबकजी डेंगळे यास या किल्ल्यात कोंडले. फितुरी होऊ नये म्हणून पहारा गोऱ्या शिपायांचा ठेवला, आणि तेथेच ते फसले. एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करीत गात असे. शिपायांच्या कानी नुसता सूर पडे. कैद्याला निरोप मिळे. सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी भिंतीच्या भोकातून निसटला.

ही हकीकत आणि त्या गाण्याचे इंग्रजी पद्य बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या प्रवासवर्णनात (1828) आहे. (हेबर अँग्लिकन, पण त्यांचे 'होली, होली, होली' आमच्या मंडळींनाही परिचित आहे.) पद्य सफाईदार आहे. घोडे पंचावन्न आणि माणसे चोपन्न, हा हिशेब तर बहारीचा! रिकामा घोडा कोणासाठी, हे कैद्याला निराळे सांगावे लागत नाही. परंतु चाल इंग्रजी स्तोत्रांची व बॅलडची. त्या चालीबरोबर विलायती थाटाचा सरदार आत आला आणि खरारा करणारा माणूस दिसेनासा झाला. मराठी शब्दही गेले.

गीतमालिकेचा मराठी आदर्श म्हणजे गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' (1955-56). त्यातील छप्पन्न गीतांना कथा सांगण्याचे ओझे नव्हते. ती श्रोत्यांना ठाऊकच होती. पलायनकथेत पुढे काय होणार हीच ओढ असते, आणि गीताने ती सांगू लागताच गीत पांगळे होते. पोवाडा सुटकेनंतर गातात. मोतद्दाराचे गाणे सुटकेआधीचे, सुटकेचे हत्यारच. संगीतकाराने खराऱ्याच्या ठेक्यापासून आरंभ करावा, शब्द दुहेरी ठेवावेत, भिंत फोडण्याचा प्रसंग मुळीच गाऊ नये.

शिवाय त्रिंबकजी 1818 मध्ये पुन्हा पकडला गेला. हेबर यांनी त्याला 1824 मध्ये पाहिले ते चुनारच्या किल्ल्यात, बंदिवासातच. तेव्हा शेवटचे गीत चुनारचे हवे, आणि तेथे वाद्याची साथ नको.