रोप लावलं, बटण लपवलं

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी कंपनीचा टी-शर्ट घालून मी टेकडीवर रोप लावलं. त्याच आठवड्यात मी लिहिलेल्या कोडमुळे आमच्या ॲपमधलं ‘सदस्यत्व रद्द करा’ हे बटण चार स्क्रीन आत गेलं. रोपाचा फोटो सीएसआरच्या अहवालात आला. बटणाचा उल्लेख कुठेच नव्हता. मग कंपनीची जबाबदारी म्हणायचं तरी कशाला? हे शोधायला मी व्यवस्थापनशास्त्रातलं लेखन वाचायला घेतलं.

मिल्टन फ्रीडमनचा १९७० सालचा लेख आधी वाचला. कंपनीची सामाजिक जबाबदारी म्हणजे नफा वाढवणं, हे त्याचं म्हणणं सगळ्यांना माहीत असतं. पण त्याने घातलेली अट लोक विसरतात: खेळाचे नियम पाळायचे आणि फसवणूक करायची नाही. ज्याला आपण खलनायक ठरवतो, त्याच्याही कसोटीवर माझं बटण नापास होतं.

आर्ची कॅरोलने १९९१ मध्ये जबाबदारीचा पिरॅमिड मांडला. तळाशी आर्थिक, त्यावर कायदेशीर, मग नैतिक आणि टोकाला दानधर्म. चित्र सुटसुटीत आहे, म्हणूनच प्रेझेंटेशनमध्ये हमखास दिसतं. पण त्यातून असा समज होतो की नैतिकता हा वरचा मजला आहे, खालचं बांधकाम झालं की चढवू. बटण तर तळमजल्यावरच होतं, पैसे कमावण्याच्या पद्धतीत.

एडवर्ड फ्रीमन (१९८४) मला जास्त पटला. कंपनीच्या निर्णयाचा ज्यांच्यावर परिणाम होतो, ते सगळे हितसंबंधी, असं तो म्हणतो. म्हणजे ज्यांना सदस्यत्व सोडायचंय, तेसुद्धा. मात्र दोन हितसंबंध भिडले तर कुणाचं ऐकायचं, याचं सोपं उत्तर त्याच्याकडेही नाही. पोर्टर आणि क्रेमर २०११ मध्ये ‘सामायिक मूल्य’ घेऊन येतात: समाजाचं भलं आणि नफा एकत्र साधा. छानच. पण जिथे दोन्ही एकत्र साधत नाहीत, तिथे काय? बटण सापडलं की काही ग्राहक जाणारच. २०१४ मध्ये क्रेन आणि सहकाऱ्यांनी याच मुद्द्यावर या कल्पनेला धारेवर धरलं.

आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. कॅरोलच्या टोकावरची गोष्ट आपण कायद्यात आणली. त्यातून चांगली कामं होतात, हे मान्य. पण नियमानुसार नेहमीच्या धंद्यातलं काम सीएसआरमध्ये धरत नाहीत. त्यामुळे ऑफिसात ‘जबाबदारी’ या शब्दाचा अर्थच दोन टक्क्यांपुरता उरला. उरलेले अठ्ठ्याण्णव कसे आले, हे त्या अहवालात कुणी विचारत नाही.

ते विचारलं २०२३ मध्ये, ग्राहक संरक्षणाच्या बाजूने. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ डार्क पॅटर्नची यादी काढली. त्यात सदस्यत्वाचा सापळाही आहे.

या यादीचा हवाला देऊन मी बटण बाहेर आणायचं तिकीट टाकलं. ‘बघू पुढच्या स्प्रिंटला,’ असं उत्तर आलं. तीन स्प्रिंट झाले. काल वृक्षारोपणाचा मेल परत आलाय. नाव देण्याआधी मी त्याला उत्तर म्हणून त्या तिकिटाची लिंक पाठवली आहे.