स्कॅनरला दिसलेले पान: 'लीझीस्कॅन' निबंधाचे परीक्षण

पिके यंत्रांनी मोजण्याचा भाग शिकवताना मी 2015 सालचा एक शोधनिबंध वाचायला देतो. व्हिन्सेंट वाडेझ आणि सहकाऱ्यांचा हा निबंध 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बॉटनी'मध्ये आला. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅटने उभारलेल्या 'लीझीस्कॅन' या यंत्रणेचे त्यात वर्णन आहे.

मूळ कल्पना उत्तम आहे. काचगृहांतील अनेक यंत्रणांत कुंड्या सरकत्या पट्ट्यावरून कॅमेऱ्यासमोर नेतात. इथे झाडे जागेवरच राहतात. स्कॅनर त्यांच्यावरून फिरतो आणि लेसरने पर्णक्षेत्राचे त्रिमितीय माप घेतो. जोडीला वजनकाटे आहेत. वजनातल्या घटीवरून बाष्पोत्सर्जन कळते. पान किती वाढले आणि त्याने किती पाणी उडवले, हे दोन्ही एकत्र मिळते. कोरडवाहू ज्वारी-बाजरीचे वाण निवडताना याला फार मोल आहे, कारण सुरुवातीला पाणी जपून वापरणाऱ्या झाडाकडे दाणे भरताना थोडे उरते.

माझा आक्षेप पुराव्याबद्दल आहे. स्कॅनरचे माप आणि प्रत्यक्ष माप यांच्यातील आर-वर्ग 0.86 ते 0.94 आला, असे निबंधाचा सारांश सांगतो. आकडा पाहून मुले खूष होतात. पण समजा, स्कॅनरने प्रत्येक झाडाचे पर्णक्षेत्र बरोबर निम्मेच मोजले, तरी आर-वर्ग 1 येईल! इवलीशी रोपे आणि मोठी झाडे एकाच आलेखात घेतली तरी तो फुगतो. पैदासकाराला हवा असतो एकाच वयाच्या दोन वाणांतला लहानसा फरक. तो यंत्राच्या चुकीपेक्षा मोठा आहे का, हे कळायला चूक चौरस सेंटीमीटरमध्ये द्यावी लागते, आणि तीही वाणागणिक. उभट पानांच्या आणि पसरट पानांच्या वाणांत झाकली जाणारी पाने सारखी नसतात. शेतातल्यासारख्या दाट लागवडीतही लेखकांनी मापे पडताळली, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे; पण दाटीतच हा प्रश्न अधिक टोचतो.

मी चेन्नईत नुंगंबाक्कमला राहतो. इथल्या हवामान केंद्राचे तापमान ऐकून रिक्षावाले हसतात, रस्त्यावर त्याहून जास्त तापते म्हणतात. दोघेही बरोबर. केंद्राचा आकडा झडपांच्या पांढऱ्या पेटीतल्या, सावलीतल्या हवेचा असतो, आणि तसे ठरवूनच तो घेतात. स्कॅनरचा आकडाही लेसरला दिसलेल्या पानांचाच असतो.

सरावासाठी: एकाच दिवशी पेरलेल्या, दोन वाणांच्या दहा-दहा रोपांचे वरून फोटो घ्या. मग पाने तोडून आलेख कागदावर मोजा. प्रत्येक वाणाची सरासरी चूक वेगळी लिहा.