काचेतून दिसणारा घाट

या व्याख्यानमालेत आपण बहुधा ग्रंथांबद्दल बोलतो. आज आमच्यासमोर ग्रंथ नाही, रस्ता आहे. पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी करत विळ्यामार्गे माणगावला उतरणारा रस्ता. पावसाळा लागला की शनिवार-रविवारी त्यावर गाड्यांची रांग लागते. वळणावर थांबायचं, धबधब्याशी फोटो काढायचा, कणीस खायचं, चहा प्यायचा आणि अंधार पडायच्या आत घरी. कलाकृतीची समीक्षा करावी तशी या सहलीची समीक्षा करता येईल का, असा आजचा प्रश्न आहे. आम्हांला वाटतं, येईल. कारण सहल हीसुद्धा एक रचना आहे. कुठं थांबायचं, कोणत्या दिशेला तोंड करायचं, कशाला 'वा' म्हणायचं आणि काय बघायचंच नाही, हे सगळं त्यात आधीच ठरलेलं असतं.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आम्ही काही या सहलींचे शत्रू नव्हे. हा रस्ता आम्ही चाळीसेक वर्षं आवडीनं केलेला आहे. तेव्हा आज जी टीका करू, ती आमच्यावरही आहेच.

आधी शब्दाकडे बघू. आज 'घाटात जाऊ' म्हटलं की डोळ्यांसमोर हिरवे डोंगर येतात. पण मराठीत घाट म्हणजे मुळात डोंगर ओलांडायची वाट. नाणेघाट बघा. तिथल्या लेण्यात सातवाहनांचा प्राचीन लेख आहे, आणि माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं लोक सांगतात. कोकणातून मीठ वर यायचं, देशावरून धान्य खाली जायचं. घाट हा चढायचा, उतरायचा, बैलांच्या पायांनी मोजायचा. खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना वाट दाखवणारा धनगर, आणि त्याबद्दल त्याला मिळालेली गोळी, अशी ती आख्यायिका. खरी-खोटी ते बाजूला ठेवू. पण ट्रकवाले अजून तिथं नाणं टाकतात. त्या नाण्यामागे 'किती सुंदर' नाही, 'सुखरूप उतरव' आहे.

मग घाट 'बघायचा' कधी झाला? बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये सुरू झाला, रेल्वे १८६३ मध्ये. ती बांधताना हजारो मजूर रोगराईनं आणि अपघातांनी मेले. गाडीरस्त्याच्याच सुमारास महाबळेश्वरला गोऱ्या साहेबांची हवा खायची वसाहत उभी राहिली. त्याआधी लोक तिथं जात ते क्षेत्राला, नद्यांच्या उगमाला हात लावायला. आता तिथं 'पॉइंट' आले. आर्थर, एल्फिन्स्टन, लॉडविक, विल्सन. नीट लक्ष द्या बरं का. 'कडा' हे डोंगराचं नाव आहे. 'पॉइंट' हे बघणाऱ्याच्या उभं राहायच्या जागेचं नाव आहे, आणि त्यावर पाटी बघणाऱ्यांच्याच जातकुळीची. ताम्हिणीतही हा फरक दिसतो. 'अंधारबन' हे नाव त्याला सुचेल, जो रानाच्या आत गेला आणि ज्याला ऊन दिसेना. तिथंच जवळ 'प्लस व्हॅली' आहे. ते नाव वरून बघणाऱ्याचं, ज्याला दरीत अधिकचं चिन्ह दिसलं.

या वरून बघण्याला युरोपात शास्त्राचं रूप मिळालं ते अठराव्या शतकात. विल्यम गिल्पिन नावाचे एक पाद्री होते. वाय नदीच्या काठानं केलेल्या प्रवासाचं त्यांचं पुस्तक १७८२ चं. निसर्गाकडे चित्र म्हणून कसं बघावं, हे त्यांनी इंग्लंडला शिकवलं. टिंटर्नच्या पडक्या मठाच्या भिंती त्यांना फार सरळसोट वाटल्या, तेव्हा हातोडीचे चार नेमके घाव घातले तर बरं, असं त्यांनी सुचवलं! आपण हसतो. पण त्यांचंच दुसरं एक म्हणणं ऐका. नीतीच्या दृष्टीनं कष्टाळू कारागीर बरा, मात्र चित्राच्या दृष्टीनं रेंगाळणारा खेडूत अधिक बरा. त्या काळातले प्रवासी एक काळसर, फुगीर आरसा जवळ ठेवत. देखाव्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आरशात तो देखावा चौकटीत बसवून बघायचा. आज घाटाच्या कठड्याशी पाठ करून, हात लांब करून, मोबाईलमध्ये स्वतःसकट दरी बसवणारी मंडळी बघितली की आम्हांला तो आरसा आठवतो. फरक इतकाच, की तेव्हाचा माणूस निदान स्वतःला चौकटीबाहेर ठेवत होता.

मोटारीनं यात एक भर घातली. पुढची काच ही चालती चौकट झाली. तिच्यातून येणाऱ्या घाटाला वास नाही, ओल नाही, चढ नाही. चढ इंजिनाला लागतो, आपल्या गुडघ्यांना नाही. जुलैत ताम्हिणीच्या अलीकडे खाचरांतून भाताची लावणी चाललेली असते. चिखलात पोटरीपर्यंत पाय, कंबरेत वाकलेल्या बायका, डोक्यावरून प्लास्टिकचा कागद. काचेतून ते फार छान दिसतं. कुणी फोटोसाठी 'जरा इकडे बघा ना मावशी' म्हणतं, तेव्हा गिल्पिनसाहेब परत आलेले असतात. कष्ट करणारी बाई चालेल, पण क्षणभर तिनं रेंगाळायला हवं.

इथपर्यंतची टीका सोपी आहे, तुम्ही ती इतरत्रही ऐकली असेल. अवघड भाग पुढे आहे, आणि तो आमच्याच वर्गात घडला.

आम्ही बरीच वर्षं कांटची सौंदर्यमीमांसा शिकवली. १७९० चा तो ग्रंथ. त्यातला पहिलाच मोठा सिद्धान्त असा, की सौंदर्याचा निर्णय हितसंबंधविरहित असतो. वस्तू माझी आहे का, उपयोगाची आहे का, ती असावी की नसावी, यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. हे पटवायला आम्ही उदाहरण घ्यायचो मुळशीच्या पाण्याचं. ऑगस्टमधली सकाळ, वर ढग, खाली ते विस्तीर्ण, स्थिर पाणी. 'यात कुणाचा काय स्वार्थ? शुद्ध निसर्गसौंदर्य!' असं आम्ही म्हणायचो, आणि वर्ग माना डोलवायचा.

एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, ते तळं नाही, धरण आहे. आमचं जुनं गाव त्याच्याखाली आहे."

आम्ही काय उत्तर दिलं? ते कांटमध्येच तयार होतं. कांट राजवाड्याचं उदाहरण देतो. हा वाडा सुंदर आहे का, असं विचारल्यावर कुणी रूसोसारखं म्हणेल, की बड्यांच्या हौसेसाठी लोकांचा घाम यात जिरला. कांट म्हणतो, सगळं मान्य, पण प्रश्न तो नव्हता. आम्हीही तेच म्हणालो. 'खरं आहे, पण आपला प्रश्न तो नाही.' मुलगा खाली बसला. तास पुढे सुरू झाला.

ते उत्तर तेव्हा आम्हांला चोख वाटलं होतं. आज वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगायलाच हे व्याख्यान आहे.

आधी त्या पाण्याबद्दल बोलू. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांनी धरण बांधायला घेतलं ते मुंबईला वीज देण्यासाठी. मावळ्यांच्या जमिनी जाणार म्हणून १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांचे सहकारी. लढा १९२४ पर्यंत रेटला गेला आणि हरला. बावन्न गावांचा आकडा सांगितला जातो. यात पुणेकरांनी विसरू नये अशी एक गोष्ट आहे. त्या खोऱ्यातल्या कितीतरी जमिनी पुण्याच्या सावकारांच्या कब्जात होत्या, आणि नुकसानभरपाई घेऊन मोकळं होणं त्यांना सोयीचं होतं. दुसरी गोष्ट भूगोलाची. मुळेचं पाणी स्वभावानं पूर्वेला जाणारं, भीमेतून कृष्णेला आणि बंगालच्या उपसागराला. धरणानं ते पश्चिमेला वळवलं. सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात पडून ते कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे ज्याला आम्ही 'शुद्ध निसर्ग' म्हणत होतो, ते वळवलेल्या नदीचं आणि हरलेल्या सत्याग्रहाचं पाणी होतं.

आता कांटकडे परत येऊ. आमची चूक अशी, की आम्ही कांट अर्धाच वापरला. त्याच ग्रंथात पुढे, बेचाळिसाव्या परिच्छेदात, बुलबुलासारख्या एका गाणाऱ्या पक्ष्याची गोष्ट आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी झाडीतून त्याचं गाणं येतं आणि पाहुणे मुग्ध होतात. पण यजमानानं झाडीत एक पोरगा लपवला आहे, आणि तो तोंडात काडी धरून ती शीळ घालतो आहे. हे कळलं की तेच सूर कुणाला ऐकवत नाहीत. का? आवाज तर तोच आहे. कांट म्हणतो, निसर्गसौंदर्यात आपण जे मन गुंतवतो, त्यासाठी तो खरोखर निसर्ग असावा लागतो, किंवा आपण तरी तसं धरून चाललेलो असावं लागतं. म्हणजे 'हे काय आहे' हा प्रश्न सौंदर्याच्या दाराबाहेर उभा नसतो, तो आतच असतो. आमचा विद्यार्थी राजवाड्याबद्दल तक्रार करत नव्हता. तो सांगत होता, की झाडीत पोरगा आहे.

रा. भा. पाटणकरांनी १९७४ च्या 'सौंदर्यमीमांसे'त सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचं मांडलं. एक ध्रुव जीवनापासून अलग, स्वायत्त सौंदर्याचा, दुसरा जीवनाशी बांधलेला. त्यांपैकी एकच घेऊन चालत नाही. वर्गात पाटणकर शिकवूनही आम्ही त्या मुलाला पहिल्याच ध्रुवावरून उत्तर दिलं.

रोनाल्ड हेपबर्न यांनी १९६६ च्या एका निबंधात दिलेलं उदाहरण इथं उपयोगी पडेल. विस्तीर्ण वाळूवरून माणूस चालतो आहे, मोकळंमोकळं वाटतं आहे. मग ध्यानात येतं, की ओहोटी आहे. अर्धा दिवस हा समुद्राचा तळ असतो. दृश्य तेच राहतं, पण अनुभव पालटतो, त्यात एक विलक्षण अस्वस्थता येते. ती सौंदर्य बिघडवते का? हेपबर्न यांचा रोख असा, की ती अनुभवाला अधिक खरं करते. मुळशीचंही तसंच आहे. 'खाली गावं आहेत' हे कळल्यावर ते पाणी कुरूप होत नाही. स्थिरच दिसतं, पण ती स्थिरता आता शांततेची वाटत नाही, गप्प बसण्याची वाटते. हे कमी बघणं नव्हे.

आता तुमचा आक्षेप आम्हांला ऐकू येतो. आठवडाभर राबून माणूस दोन तास हिरवं बघायला आला, त्याला तिथंही इतिहासाचा तास घ्यायचा का? आक्षेप रास्त आहे. आम्ही सत्तरी ओलांडली, गुडघे बोलतात. गाडी नसती तर आम्हांला घाट दिसलाच नसता. रस्त्याकडेच्या कणसाच्या गाडीवर एखादं घर चालतं, हेही खरं. तेव्हा 'जाऊ नका' असं आमचं म्हणणं नाही. अपराधी वाटून घ्या असंही नाही. अपराधी भावना हीसुद्धा कधीकधी स्वतःकडेच बघायची आणखी एक तऱ्हा असते.

आमचं म्हणणं इतकंच, की देखाव्याची सवय आपल्याला चुकीचं काही शिकवते, आणि ते फक्त सहलीपुरतं राहत नाही. डोंगर म्हणजे चित्र, ही सवय लागली की चित्रात माणूस दिसेनासा होतो. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. २०२१ मध्ये तळीये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. त्या प्रत्येक वेळी अनेकांना त्या गावाचं नाव प्रथमच कळलं. डोंगर त्यांनी पाहिलेला होता, फोटोही होते. हिरवा उतार ठाऊक होता, उताराखालचं गाव ठाऊक नव्हतं. दरडी सहलींमुळे कोसळतात असा याचा अर्थ नाही. पण जो उतार आपल्याला फक्त 'व्ह्यू' असतो, त्यावर कोण राहतं आणि पावसात रात्री त्याला झोप लागते का, हा प्रश्न आपल्याला सुचत नाही. जो प्रश्न सुचत नाही, तो आपण कुणाला विचारतही नाही.

गेल्या जुलैत आम्ही पुन्हा त्या रस्त्यानं गेलो. नात गाडी चालवत होती. पाण्याशी थांबलो. तिनं विचारलं, "आबा, छान आहे ना?" आम्ही 'हो' म्हणालो, आणि मग ते धरण आहे हे तिला सांगितलं. सत्याग्रहाचं सांगितलं, पाणी कुठं जातं ते सांगितलं. ती बराच वेळ बघत उभी राहिली. एरवी थांबतो त्याहून जास्त वेळ. फोटो तिनं काढलाच, काढावाच. पण गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "त्या गावांची नावं काय होती?" आम्हांला चार-पाचच्या पुढे सांगता आली नाहीत.

तो विद्यार्थी आता पन्नाशीत असेल. हे व्याख्यान त्याच्या कानावर गेलंच, तर त्याला सांगायचं आहे, की प्रश्न तोच होता. आम्ही नाही म्हणालो, ते चुकलं.

पुढच्या वेळी पाटणकरांच्या त्या दोन ध्रुवांबद्दल सविस्तर बोलू.