पूर्व आणि उत्तर जोर्वे काळ: एक की दोन?

आज इनामगावबद्दल बोलायचं आहे, पण तिथल्या खापरांबद्दल कमी आणि खापरांबद्दल आपण जी वाक्यं लिहितो त्यांच्याबद्दल जास्त.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे ठिकाण. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. ढवळीकर, सांकळिया आणि अन्सारी यांचा इंग्रजी अहवाल १९८८ साली आला. वस्तीचे टप्पे तीन: माळवा, साधारण इ.स.पू. १६०० ते १४००. पूर्व जोर्वे, १४०० ते १०००. आणि उत्तर जोर्वे, १००० ते ७००.

आता शेवटचे दोन एकत्र सांगायचे झाले तर इंग्रजीत 'द अर्ली अँड लेट जोर्वे पीरियड्स' म्हणतात. विशेषणं दोन, नाम एकदाच, पण ते अनेकवचनी. 'द अर्ली अँड द लेट जोर्वे पीरियड' हेही चालतं, कारण 'द' पुन्हा आला की दुसरा काळ वेगळा मोजला जातो. एकच 'द' आणि एकवचनी 'पीरियड' असेल तर वाचणारा अडखळतो.

मराठीत काय होतं बघा. 'पहिला आणि दुसरा थर' म्हटलं की प्रश्नच नाही. 'पहिला' हाच एकवचनी, 'दुसरा' हाही. प्रत्येकाचा थर वेगळा. आपलं विशेषण स्वतःच वचन सांगतं, इंग्रजीतलं सांगत नाही. पण 'पूर्व', 'उत्तर', 'लाल' ही विशेषणं बदलत नाहीत. त्यात 'काळ' हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच, 'संस्कृती'चंही तेच. म्हणजे 'पूर्व आणि उत्तर जोर्वे काळात' आणि 'काळांत' यांत फरक उरतो तो एका अनुस्वाराचा. बोलताना तो सहज निसटतो, आणि टाइप करताना पहिला तोच गळतो. (शिवाय 'पूर्व' आणि 'उत्तर' या दिशाही आहेत. नवख्या वाचकाला जोर्वे नावाचं गाव पूर्वेला आणि उत्तरेला पसरल्यासारखं वाटलं तर त्याचा काय दोष?)

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? 'शिरूर आणि दौंड तालुक्यात पाऊस' असं रोज छापून येतं, कुणी अडत नाही. बरोबर आहे. कारण शिरूर वेगळा आणि दौंड वेगळा हे आपल्याला आधीच माहीत असतं. जोर्वेचं तसं नाही.

'पूर्व आणि उत्तर जोर्वे काळात चौकोनी आणि गोल घरे होती.' अशा धाटणीचं वाक्य बऱ्याच माहितीपर लेखनात दिसतं. यात चूक काहीच नाही आणि सगळंच हरवलंय. पूर्व जोर्वेतली घरं मोठी, आयताकृती. उत्तर जोर्वेत मुख्यतः लहान गोल झोपड्या. ढवळीकरांनी त्यातून हवामान कोरडं झालं, शेती खालावली, लोक अर्धभटके झाले असं मांडलं. तो युक्तिवाद पटो न पटो, त्याचा सगळा भार 'आधी हे, नंतर ते' यावर आहे. आणि आपल्या वाक्यात चौकोनी आणि गोल घरं शेजारी शेजारी नांदतात! नुसतं 'अनुक्रमे' घातलं तरी वाक्य सावरतं. मला विचाराल तर सरळ दोन वाक्यं करावीत.

उलटी अडचण भांड्यांची. 'काळी आणि लाल भांडी' म्हणजे नक्की काय? काही काळी, काही लाल? की विदर्भातल्या महापाषाणीय दफनांत मिळतात तशी, आतून आणि काठाशी काळी, बाहेरून लाल? इंग्रजीत 'ब्लॅक-अँड-रेड वेअर' असं जोडरेघा देऊन एकवचनात लिहितात, म्हणजे प्रकार एकच. जोर्वेची खापरं तर तिसरीच: लाल पृष्ठभागावर काळी नक्षी. मराठीत तिन्हींना 'आणि'ने बांधलं की विद्यार्थी परीक्षेत एकाच्या जागी दुसरं लिहून येतो. दुरंगी भांड्याला 'काळी-लाल' म्हणावं, 'आणि' काढून टाकावा. जोर्वेला 'काळ्या नक्षीची लाल भांडी' म्हणावं.