तारेनं आखलेली पोकळी

पिकासोनं १९२८ मध्ये घडवलेली ‘आकृती’ एका हातानं उचलता येईल एवढीच आहे. उंची साडेपन्नास सेंटीमीटर, साहित्य लोखंडी तार आणि थोडा पत्रा. गियोम अपोलिनेर या कवीच्या स्मारकासाठी केलेल्या नमुन्यांपैकी हा एक.

पाहताना आधी नजरेत भरतात त्या सरळ तारा. काही उभ्या, काही तिरप्या. त्या टोकाशी एकमेकींना भेटतात आणि आयत, लांब निमुळते त्रिकोण आखत जातात. मध्येच एक अंडाकृती वळण येतं. अगदी वर पत्र्याची छोटीशी चकती आहे. तिच्यापाशी नजर थांबली की उलगडा होतो : हे डोकं. मग वळणाचं पोट होतं, तिरप्या तारांचे हातपाय होतात. काही अभ्यासकांना यात झोक्याला ढकलणारी बाई दिसते. एकदा ती दिसली की तिरप्या तारांमध्ये झोक्याची ओढ जाणवू लागते. बाजूला दोन पावलं सरकलं, की पुढची तार मागच्या तारेला छेदते आणि सगळी मांडणी नव्यानं जुळते. अंगाला कुठे मांस नाही, तरी अंगाची हालचाल आहे.

ही पोकळी अपोलिनेरच्याच लेखनातून आलेली आहे. त्याच्या ‘खून झालेला कवी’ या १९१६ च्या पुस्तकात एक शिल्पकार मृत कवीसाठी शून्याचा पुतळा करायचं ठरवतो. महायुद्धात डोक्याला जखम झालेला अपोलिनेर ९ नोव्हेंबर १९१८ रोजी तापाच्या साथीत गेला. दहा वर्षांनी मित्रानं त्याची कल्पना शब्दशः घेतली. आत काहीच न भरता, फक्त कडा आखून त्यानं माणूस उभा केला.

पण शून्य उभं करायलाही सांधा लागतो, आणि तो पिकासोला येत नव्हता. तो आला हुलिओ गोन्झालेसकडून. बार्सिलोनाच्या धातुकाम करणाऱ्या घराण्यात १८७६ साली जन्मलेल्या या कारागिरानं लोखंड लहानपणापासून हाताळलं होतं. पुढे रेनोच्या कारखान्यात तो गॅस वेल्डिंग शिकला. म्हणून या शिल्पाचं रसग्रहण लोहाराच्या डोळ्यांनीही करायला हवं.

लोहार कामाआधी तार का वाकवतो? भट्टीतून काढलेली सळी लाल असते तेवढ्या वेळातच वळते. ऐरणीवर विचार करत बसायला सवड नसते. तार मात्र गारच वाकते, चुकली तर पुन्हा सरळ होते. दारावरच्या जाळीचं वेटोळं चितारलं, त्या रेषेवरून तार फिरवली आणि मग ती सरळ करून मोजली, की किती सळी कापायची ते कळतं. वळणात सळीची आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते. मधल्या रेषेची लांबी तेवढी कायम राहते, आणि तार तीच रेषा दाखवते. कुठलं वळण आधी घ्यायचं, तेही ती शिकवते. क्रम चुकला तर पुढच्या वळणाच्या वेळी तुकडा ऐरणीवर बसतच नाही.

तार सगळंच सांगते असं नाही. चौरस सळीचं टोक घणानं ठोकून अणकुचीदार केलं की ती लांबते. पंधरा सेंटीमीटरच्या अणीला मूळची पाचच सेंटीमीटर सळी पुरते. हा हिशेब तारेत दिसत नाही. वजनाचाही दिसत नाही. प्रत्येक माप आठपट केलं, तर वजन पाचशे बारापट होतं आणि ते पेलणाऱ्या गजाचा छेद मात्र चौसष्टपटच वाढतो. जी तार टेबलावर ताठ उभी असते, तीच त्या मोठ्या मापात स्वतःच्या भारानं लवू शकते.

पिकासोच्या नमुन्याला या परीक्षेला बसायला फार वेळ लागला. स्मारक समितीनं तारेचे नमुने नाकारले. अखेर १९५९ साली पॅरिसच्या सँ-जेर्मँ-दे-प्रे भागात अपोलिनेरचं स्मारक म्हणून पिकासोच्याच हातचं, छायाचित्रकार डोरा मार हिचं ब्राँझचं डोकं बसलं : भरीव, घट्ट, कवीच्या कल्पनेच्या नेमकं उलट. तारेची आकृती पोलादात वाढली ती नंतर. १९७२ ची सुमारे चार मीटर उंचीची आवृत्ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे आहे.

मोठ्या आवृत्तीत माणूस तारांच्या खालून वर पाहतो, आकाश त्या चौकटींत अडकतं, आणि तो अनुभव भव्य आहे. तरी माझा कौल लहान आकृतीलाच. पोलादाचे गज उभे राहण्यासाठी जाड व्हावे लागले, आणि रेषा जाड झाली की नजर पोकळीवरून गजावर येते. साडेपन्नास सेंटीमीटरच्या नमुन्यात तार इतकी बारीक आहे, की तिनं वेढलेली हवाच आधी दिसते. अपोलिनेरनं कल्पिलेला शून्याचा पुतळा जर कुठे झाला असेल, तर तो पॅरिसच्या पिकासो संग्रहालयातल्या या नमुन्यातच झाला आहे.